प्ले, एपिक की इच? अँड्रॉइड गेम टाकायचा कुठे

पुण्यात फ्लॅटमध्ये बसून दोघं-तिघं मिळून गेम बनवणारे बरेच आहेत, आणि गेम होत आला की प्रश्न ठरलेला, गूगलचं प्ले स्टोअर कमाईतले ३० टक्के खातं, मग एपिक या गेम कंपनीच्या स्टोअरकडे जावं का. तर पहिलं म्हणजे छोट्याला ३० लागतच नाही! २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर प्ले १५ टक्केच घेतं, फक्त त्यासाठी प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरचं अकाउंट सांभाळायची साइट) जाऊन एनरोल करायचं, आपोआप होत नाही. म्हणजे ९९ रुपयांच्या खरेदीत टॅक्स सोडून ८४ हातात.

एपिकची गोष्ट माहितीये ना, २०२० मध्ये त्यांच्या फोर्टनाइट गेममध्ये स्टोअरचा कट चुकवणारं स्वतःचं पेमेंट घुसवलं, अ‍ॅपल आणि गूगल दोघांनी त्याच दिवशी गेम उडवला, मग कोर्टकचेऱ्या. अ‍ॅपलशी बहुतेक मुद्द्यांवर हरले, पण २०२३ मध्ये ज्युरीने गूगलविरुद्ध कौल दिला. ऑगस्ट २०२४ पासून त्यांचं स्टोअर अँड्रॉइडवर जगभर आहे, आयफोनवर तेव्हा फक्त युरोपात आलं. आणि जून २०२५ पासून दर गेमला वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर कट शून्य, पुढे १२. कागदावर भारीच.

पण इन्स्टॉल कसं होतं ते बघा. स्टोअर प्लेवर नाही, साइटवरून एपीके, म्हणजे अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल, उतरवायचं, मग फोन विचारणार अनोळखी सोर्सला परवानगी देता का, वर धोक्याची सूचना. इकडे खोट्या ई-चलानचं एपीके पाठवून लोकांची खाती साफ करतात, त्यामुळे घरोघरी सांगून ठेवलंय की एपीके उघडायचंच नाही. काकू तुमच्या गेमसाठी तो नियम मोडणारेत का? १५ टक्के वाचवायला निम्मं गिऱ्हाईक दारातून परत, हा कसला धंदा.

इच, म्हणजे छोट्या गेमवाल्यांची itch.io साइट, छान आहे, कट किती द्यायचा ते तुम्हीच ठरवा, शून्यही चालतो. पण पेमेंट पेपाल-स्ट्राइप या परदेशी सेवांवरून, आणि तिथे येणारा माणूस बहुतेक गेम बनवणाराच. डेमो टाका, फीडबॅक घ्या, कमाई विसरा.

प्लेची खरी कटकट वेगळीच. फी २५ डॉलर, एकदाच, ठीक आहे. पण नोव्हेंबर २०२३ नंतरचं पर्सनल अकाउंट असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस टेस्टिंगमध्ये सामील (ऑप्ट-इन) हवेत, मग सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडा, कॉलेजच्या ग्रुपवर जोडा, आणि दहाव्या दिवशी कोणी बाहेर पडू नये म्हणून १२ च्या जागी वीसेक गोळा करा.

माझं मत, भारतातल्या प्लेअरसाठी गेम असेल तर प्ले, डोळे झाकून. प्लेअर बाहेरचे आणि गेमर टाइप असतील तर एपिकला विचारा, मोबाइलसाठी तुमचा गेम घेतायत का ते आधी मेलवर पक्कं करून. प्ले नको म्हणून नुसतं एपीके वाटायचा विचार असेल तर तिथेही गूगल येतंय, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये डेव्हलपरची ओळख पडताळणी, २०२७ पासून हळूहळू बाकीकडे, तेव्हा कागदपत्रं तयार ठेवा.