ठेवींवर मिळणारे की विवरणपत्रावर मिळणारे? उच्चश्रेणीचे क्रेडिट कार्ड निवडताना

नाशिकच्या अंबड-सातपूरचे कारखानदार, कॉलेज रोडवरचे डॉक्टर आणि आता पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार, अशा सगळ्यांनाच बँका धातूच्या कार्डाबद्दल विचारू लागल्या आहेत, आणि त्यामुळे ‘एचडीएफसीचे इन्फिनिया घ्यावे की आयसीआयसीआयचे एमराल्ड प्रायव्हेट?’ हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. या दोन्ही कार्डांची वार्षिक फी १२,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये पडते, आणि वर्षाला १० लाखांचा खर्च केल्यास पुढची फी माफ होते. पहिल्यावर दर १५० रुपयांना ५ गुण (रिवॉर्ड पॉइंट) मिळतात, दुसऱ्यावर दर २०० रुपयांना ६. विमान-हॉटेलसाठी एका गुणाचा एक रुपया धरला, तर १० लाखांच्या खर्चावर एकीकडे साधारण ३३ हजार आणि दुसरीकडे ३० हजार हाती येतात. तीन हजारांच्या या फरकावर रात्री जागवण्याची गरज नाही. खरा फरक कार्डाच्या नावात नसून ते आपण कोणत्या आधारावर मिळवतो त्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

हे आधार मुख्यतः दोन आहेत. पहिल्या प्रकारात बँक आपले आयकर विवरणपत्र, क्रेडिट स्कोअर आणि आधीच्या कार्डाचा वापर पाहून कार्ड देते. एचडीएफसीच्याच डायनर्स क्लब ब्लॅक मेटलसारखे कार्ड या मार्गाने मिळते. इन्फिनिया निमंत्रणाचे मानले जात असले, तरी त्याच बँकेचे खालचे कार्ड नीट वापरून आणि मर्यादा वाढवून तिथवर पोचलेले बरेच जण माझ्या माहितीत आहेत. दुसऱ्या प्रकारात आपण बँकेत किती पैसा ठेवला आहे हे पाहिले जाते. बरगंडी, इम्पेरिया, वेल्थ, प्रायव्हेट अशी या खात्यांची नावे असतात, आणि त्यांच्या प्राथमिक पायरीवर बचत खात्यात तिमाही सरासरी १० लाख किंवा ठेवी, फंड वगैरे मिळून ३० लाख अशा प्रकारची अट बहुधा दिसते. काही बँकांत ती याहूनही चढी आहे. खाते त्या वर्गात गेले की कार्ड जवळजवळ आपोआप येते, आणि काही ठिकाणी त्याची पहिल्या वर्षाची फीदेखील घेतली जात नाही. ऐकायला हा दुसरा मार्ग सोपा वाटतो. मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे आणि आज माझ्या पाकिटात पहिल्या मार्गाने मिळालेले कार्ड आहे.

विवरणपत्राच्या मार्गावर आपल्याकडच्या उद्योजकाला जी अडचण येते ती पगारदाराला कळणार नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो. कार्ड व्यक्तीच्या नावावर असते, त्यामुळे फर्मची उलाढाल पाच कोटींची असली तरी कार्ड विभाग पाहतो ते भागीदाराचे वैयक्तिक विवरणपत्र. यंत्रांवरचा घसारा आधीच फर्मच्या नफ्यातून वजा झालेला असतो. उरलेल्या नफ्यातला भागीदाराचा वाटा त्याच्या हाती करमुक्त असतो, कारण त्यावरचा कर फर्मने भरलेला असतो. परिणामी वैयक्तिक विवरणपत्राच्या एकूण उत्पन्नात फक्त मोबदला आणि भांडवलावरचे व्याज दिसते, आणि नफ्याचा वाटा करमुक्त उत्पन्नाच्या वेगळ्या तक्त्यात राहतो. अर्ज तपासणारा माणूस पहिला आकडा पाहतो आणि फाइल बाजूला ठेवतो. या श्रेणीच्या कार्डांचे उत्पन्नाचे निकष वीस लाखांच्या पुढेच सुरू होत असल्याने चांगला चाललेला व्यवसायही कागदावर अपुरा ठरतो.

यावर उपाय आहे, मात्र तो आपणच करावा लागतो. अर्जासोबत दोन वर्षांची वैयक्तिक विवरणपत्रे, त्यांची सीएने सही केलेली कॉम्प्युटेशन (उत्पन्न आणि कराचा हिशेब), फर्मचे विवरणपत्र, ताळेबंद आणि भागीदारी करारातील नफा-वाटपाचे पान द्यावे, आणि करमुक्त वाट्याची ओळ पेन्सिलीने खुणा करून दाखवावी. माझ्या बाबतीत हे केल्यानंतर अर्जाकडे पाहण्याची बँकेची दृष्टी बदलली. सर्वांच्या बाबतीत तसेच होईल असा दावा मी करणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फर्मच्या सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या, मर्यादेला आपण जामीनदार असतो, आणि ते जामीनपत्र आपल्या वैयक्तिक सिबिल अहवालात उमटते. सीसीचे व्याज चढून खाते काही दिवस थकीत गेले, तर त्याची नोंद आपल्या नावापुढे होऊ शकते. अर्ज करण्यापूर्वी स्वतःचा अहवाल मागवून ‘जामीनदार’ म्हणून असलेल्या ओळी वाचून घ्याव्यात. अर्ज नाकारला गेलाच, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नकाराचे नेमके कारण लेखी कळवणे कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. पुढच्या अर्जाची दिशा त्यातूनच ठरते.

आता ठेवींचा मार्ग. माझे असे खाते एका खासगी बँकेत होते. बँकेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ही रचना जवळपास सर्वत्र सारखीच आहे. कार्ड आठवड्याभरात घरी आले, लॉकरच्या भाड्यात सवलत मिळाली, आणि शाखेत गेल्यावर रिलेशनशिप मॅनेजर उठून समोर येत असत. इथपर्यंत सगळे छान होते. त्रासाला सुरुवात मार्च महिन्यात झाली.

१९६१च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आल्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले करारानुसार, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकवावी लागतात, आणि मुदत टळलेली बिले ३१ मार्चपर्यंत भरली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीस मिळत नाही. आमचे हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगचे जॉबवर्कवाले बहुतेक याच व्याख्येत बसतात. दुसरीकडे मोठ्या ग्राहकाचे पैसे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याशिवाय येत नाहीत. त्यात १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता असतो. म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात भागीदाराने स्वतःचे पैसे फर्ममध्ये आणणे हे आमच्या धंद्यात दरवर्षीचे आहे. दहा लाखांतले आठ लाख शेवटच्या पंधरवड्यात काढले, तर नव्वद दिवसांची सरासरी साडेआठ लाखांच्या आसपास येते आणि अट मोडते.

मग फोन येतो. “सर, या तिमाहीत सरासरी थोडी कमी पडते आहे, एखादी पॉलिसी घेतलीत तर तुमची श्रेणी मी सांभाळून घेईन.” बोलणारा मुलगा सभ्य होता आणि त्याच्यावरही वरून दबाव असणार, हे मी समजू शकतो. परंतु कामगारांचे पगार, जॉबवर्कची देणी आणि कर यांच्या गर्दीत, माझेच पैसे मी माझ्याच कारखान्यात वापरले याचे स्पष्टीकरण कोणाला द्यावे लागणे मला सहन झाले नाही. तिमाही संपत आली की हाच फोन, मॅनेजर बदलला की नव्या मॅनेजरकडून तोच फोन, आणि दर वेळी विम्याची एक नवी योजना. या एका गोष्टीने माझा निर्णय केला. लाउंज, गुण, हॉटेल यांची तुलना मी त्यानंतर केली.

चीड बाजूला ठेवून हिशेब मांडला तरी चित्र बदलत नाही. बचत खात्यावर मोठ्या बँका सध्या अडीच टक्के व्याज देतात. फर्मच्या सीसीचा दर ९ टक्के धरला, तर बचत खात्यात पडून राहिलेल्या १० लाखांमागे वर्षाला ६५ हजार रुपये हातचे जातात, कारण तेच पैसे सीसीत भरले असते तर तेवढे व्याज वाचले असते. ‘फी माफ’ असलेले कार्ड असे ६५ हजारांना पडते. तीस लाखांची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवून दुसरीकडे ९ टक्क्यांनी सीसी वापरली, तर तफावत ७५ हजारांची होते. यापुढे १४,७५० रुपयांची उघड फी मला फार स्वच्छ वाटते. ती वर्षातून एकदा जाते, तिचा आकडा आधी माहीत असतो, आणि १० लाख खर्च झाले तर तीही जात नाही.

सवलतींच्या बाबतीत नाशिककराने स्वतःचा प्रवास डोळ्यांपुढे ठेवावा. ओझरहून थेट विमाने मोजक्याच शहरांना आहेत, आणि परदेशी जायचे तर मुंबई गाठावी लागते. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाल्याने कसारा घाटाची धास्ती कमी झाली, तरी भिवंडीच्या पुढे काय होईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे रात्री दोनच्या विमानासाठी आपण घरून दुपारीच निघतो आणि टर्मिनल दोनवर बरेच आधी पोचतो. अशा वेळी लाउंज ही चैन राहत नाही. जेवण, आंघोळ आणि पाठ टेकण्याची ती जागा असते. म्हणून भेटींच्या संख्येवर बंधन नसणे, आणि ती सोय कुटुंबीयांच्या नावे मिळणाऱ्या ॲड-ऑन कार्डालाही लागू असणे, या दोन बाबी मी सर्वांत वर ठेवतो. इन्फिनिया आणि डायनर्स ब्लॅक या दोन्हींवर ॲड-ऑन कार्डधारकाला ही मुभा आहे. आमच्या सौ. स्वतंत्रपणे प्रवास करतात तेव्हा तिचे महत्त्व मला विशेष जाणवते.

परदेशातील खर्चावर या श्रेणीत बहुधा २ टक्के मार्कअप, म्हणजे चलनबदलाचा आकार, लागतो, जो जीएसटीसह २.३६ टक्के होतो. हॅनोव्हरच्या ईएमओ या यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनासारख्या दौऱ्यात दोन लाख रुपये कार्डावर गेले, तर ४,७२० रुपये त्यात जातात आणि सव्वातीन टक्क्यांच्या गुणांतून ते भरून निघतात. अमेरिकन एक्सप्रेसवर हाच मार्कअप साडेतीन टक्के आहे. त्यांच्या प्लॅटिनम कार्डाची हॉटेलांतील वागणूक, म्हणजे दोघांचा नाश्ता, दुपारी चारपर्यंत खोली आणि शक्य असल्यास वरची खोली, निश्चितच आकर्षक आहे. परंतु त्याची फी साठ हजारांच्या पुढे जाते, आणि वर्षात अनेकदा मोठ्या हॉटेलांत स्वखर्चाने उतरणाऱ्यालाच ती परवडेल असे वाटते. वारंवार परदेशी जाणाऱ्याने मात्र शून्य मार्कअपचे आणि ५,९९९ रुपये फीचे आयडीएफसी फर्स्ट मयूरा जोडीला जरूर विचारात घ्यावे. डायनर्स किंवा अमेरिकन एक्सप्रेस घेणाऱ्याने जोडीला व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेवणे बरे, कारण रविवार पेठेपासून सिडकोपर्यंत प्रत्येक दुकानातले स्वाइप मशीन चारही नेटवर्क घेतेच असे नाही.

गुणांच्या आकड्यांवर फार विसंबू नये, असे मात्र आग्रहाने सांगेन. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्चले की २५,००० गुण मिळत, आणि त्या एका सवलतीसाठी असंख्य लोकांनी ते कार्ड घेतले. सप्टेंबर २०२३पासून ती सवलत बंद झाली, फी १०,०००वरून १२,५०० झाली आणि फीमाफीचा टप्पा १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला. इन्फिनियावरही आता विमान-हॉटेलच्या बिलाचा जास्तीत जास्त ७० टक्के भाग गुणांतून देता येतो. भाडे, वॉलेट, इंधन आणि सरकारी भरणा यांवरचे गुण बहुतेक बँकांनी थांबवले किंवा त्यांवर मर्यादा घातली आहे. फीमाफीचे १० लाख पूर्ण करण्यासाठी फर्मच्या कच्च्या मालाची बिले वैयक्तिक कार्डावर टाकण्याचा मोहही टाळावा. वैयक्तिक कार्ड व्यवसायासाठी वापरल्याचे आढळल्यास बँका गुण गोठवतात, आणि हिशेबात सीएची डोकेदुखी वाढते ती वेगळीच.

ठेवींचा मार्ग कोणासाठीच योग्य नाही, असे मी म्हणणार नाही. निवृत्त झालेल्या, जमिनीच्या व्यवहारातून रक्कम आलेल्या किंवा मुळातच कर्ज नसलेल्या ज्या कुटुंबांच्या मुदत ठेवी कुठल्या ना कुठल्या बँकेत राहणारच आहेत, त्यांना त्या एकाच बँकेत ठेवून कार्ड मिळत असेल तर नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी एवढेच पाहावे की अट ‘बचत खात्यातील सरासरी’वर आहे की ठेवींसह एकूण रकमेवर, आणि श्रेणी खाली आल्यास कार्ड परत घेतात की फक्त फी लावतात. हे ईमेलवर लिहून घ्यावे, कारण तोंडी सांगणारा मॅनेजर पुढच्या वर्षी त्या शाखेत असेलच असे नाही. माझ्यासारखे ज्यांचे भांडवल वर्षातले काही महिने कारखान्यात आणि काही महिने खात्यात असते, त्यांनी मात्र विवरणपत्राची वाट धरावी, असे मला मनापासून वाटते.

जुने ठेवींवरचे कार्ड बंद करायचे असल्यास आधी उरलेले गुण वापरून घ्यावेत, थकबाकी शून्य करावी आणि मग लेखी विनंती द्यावी. बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे. नव्या कार्डाचा अर्ज फर्मचे आणि स्वतःचे अशी दोन्ही विवरणपत्रे दाखल झाल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास करावा. तेव्हा मार्चला संपलेल्या वर्षाचे आकडे कागदावर आलेले असतात आणि मार्चची ओढाताण दूर असते.