‘मुक्ता’ फॉन्ट: मराठी वेबसाइटच्या रोजच्या कामात कसा चालतो

मी सांगलीत वेबसाइट आणि ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. गिऱ्हाईक कुठलं येईल याचा नेम नाही. आज पतसंस्था, उद्या दातांचे डॉक्टर, परवा बेदाण्याचा व्यापारी, मग कुणी वकील, मधूनच एखादं जुनं वाचनालय. रंग, फोटो, लोगो प्रत्येकाचे वेगळे. मजकूर मात्र मराठी, आणि वाचला जाणार तो मोबाइलवर. त्यामुळे माझ्याकडे सगळ्यात जास्त राबणारी वस्तू म्हणजे फॉन्ट, आणि फॉन्टांमध्ये ‘मुक्ता’. फॉन्टची चर्चा आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या पुढे सहसा जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुक्ता हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. मूळ आखणी गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांची. गूगल फॉन्ट्स या गूगलच्या ऑनलाइन फॉन्ट-संग्रहात फुकट मिळतो. परवाना ‘ओपन फॉन्ट लायसन्स’, म्हणजे गिऱ्हाइकाच्या साइटवर, ॲपमध्ये, छापील पत्रकावर बिनदिक्कत वापरा. फक्त फॉन्टच सुटा विकायला बंदी. फुकटपणाचं कौतुक कशाला असं वाटत असेल, तर एकदा पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे उभं राहून ‘अक्षरांचे दरवर्षी एवढे पैसे’ असं सांगून बघा.

कुठलाही देवनागरी फॉन्ट हातात आला की मी आधी एक ओळ टाकून बघते: ‘ॲड., कुऱ्हाड, तऱ्हेतऱ्हेचे ट्रक, वाङ्मय, ब्रह्म, उद्घाटन, मुदतपूर्ती’. प्रत्येक शब्दामागे कुठल्या ना कुठल्या कामात झालेला ताप आहे. वकिलांच्या पाटीवरचा ‘ॲ’ हा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. जुन्या फॉन्टांत तो नसतोच. मग नावाच्या सुरुवातीलाच रिकामा चौकोन दिसतो, आणि वकीलसाहेबांचा फोन येतो. ‘कुऱ्हाड’मधला आडवा अर्धा र मराठीला रोज लागतो, हिंदीला लागत नाही. त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टात तो कसाबसा बसवलेला दिसतो. मुक्ता ही ओळ निमूट पार करतो. जोडाक्षरं सुटत नाहीत, मात्रा एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत, आणि लहान आकारातही ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे ओळखू येतात. डिझाइन करताना जागा भरायला वापरतात तो ‘लोरेम इप्सम’ हा निरर्थक लॅटिन मजकूर टाकून मराठी स्क्रीन जोखणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. खरी नावं, खरे शब्द टाका, मग कळतं.

आता ‘मुदतपूर्ती’. ठेवींच्या पानावर हा शब्द हटकून येतो. खाली ‘मु’चा उकार, ‘पू’चा ऊकार, वर दीर्घ वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार. शिरोरेघेच्या वर दोन मजले, अक्षराखाली एक. इंग्रजी बटणाची उंची ठरवून टाकलेला तयार साचा घेतला आणि त्यात हा शब्द बसवला, तर रफार वरून छाटला जातो, नाहीतर ऊकार खालच्या कडेला घासतो. मुक्ताने यासाठी वरखाली जागा आधीच राखून ठेवली आहे. फॉन्टची अंगभूत ओळ-उंचीच अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून जास्त आहे. पहिल्यांदा वापरणाऱ्याला हे खटकतं. मजकूर सैल वाटतो, बटणात शब्द नेमका मधोमध बसल्यासारखा दिसत नाही, आणि हात आपोआप लाइन-हाइट (ही ओळ-उंची) कमी करायला जातो. करू नका. परिच्छेदाला मी १.६ ते १.७ ठेवते आणि बटणांना ठरावीक उंची देतच नाही. वर-खाली पॅडिंग (मोकळी जागा) देते आणि उंची शब्दावर सोडते. मथळ्यात १.३ पर्यंत उतरता येतं, पण दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या रफाराला भिडतो का, ते डोळ्यांनी बघूनच.

लेटर-स्पेसिंगचंही, म्हणजे दोन अक्षरांमधल्या अंतराचंही, तसंच. इंग्रजी मथळ्याची अक्षरं लांब लांब ठेवली की भारदस्त दिसतात, म्हणून कुणीतरी तोच नियम मराठीला लावतो आणि शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे पडतात. हा दोष फॉन्टचा नाही. देवनागरीत ती किंमत शून्य ठेवायची, विषय संपला.

मुक्ताची सात वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायऱ्या, आहेत, २०० पासून ८०० पर्यंत. २०० आणि ३०० फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोठ्या स्क्रीनवर फार नाजूक, सुंदर दिसतात. स्वस्त मोबाइलवर, बाजार समितीच्या उन्हात, राखाडी रंगात त्यांचा धूर होतो. बेदाण्याचे दर बघणाऱ्या माणसाला धूर वाचता येत नाही. मी ४०० आणि ६०० एवढीच दोन घेते. शिवाय इथे प्रत्येक वजनाची फाइल वेगळी असते, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल इंग्रजीपेक्षा जड असतेच. सातही लादल्या तर पान उघडायला वेळ लागतो. फाइल हलकी करायला काही जण नको ती अक्षरं छाटतात. छाटा, पण त्यासोबत जोडाक्षरांचे नियमही कापले गेले तर ‘क्षमा’चं ‘क्‌षमा’ होऊन बसतं. तिरपं रूप म्हणजे इटॅलिक मुक्तात नाही. कोडमध्ये मागितलंत तर ब्राउझर सरळ अक्षरंच ओढून तिरकी करतो आणि ते पडक्या भिंतीसारखं दिसतं. मला त्याची गरज पडत नाही. भर द्यायचा तर वजन वाढवते.

‘फॉन्ट कशाला हवा, मोबाइलमध्ये असतोच की’ असंही गिऱ्हाईक म्हणतं. असतो, पण प्रत्येकाकडे वेगळा. अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला. तेच पान तीन चेहऱ्यांत दिसतं आणि तिन्हींत ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात. दातांच्या डॉक्टरांच्या साइटवर ‘वेळ ठरवा’ हे बटण एकीकडे एका ओळीत आणि दुसरीकडे दोन ओळींत, हे मला परवडत नाही. मुक्ता दिला की निदान अक्षरांची रुंदी सगळीकडे सारखी मिळते. त्यातली इंग्रजी अक्षरंही देवनागरीला शोभतील अशी आखलेली आहेत. ‘पॅन’, ‘आधार’, ‘आयएफएससी’ यांनी भरलेल्या अर्जात हे फार कामाला येतं, कारण तिथे मराठी नाव आणि इंग्रजी कोड एकाच ओळीत शेजारी बसतात.

आकड्यांचा प्रश्न फॉन्टचा कमी आणि कोडचा जास्त, तरी सांगून ठेवते. पतसंस्थेला व्याजदर मराठी आकड्यांत हवे असतात. एकेक आकडा हाताने टाइप करत बसू नका. ब्राउझरला ‘मराठी, भारत’ अशी भाषा सांगितली की तो स्वतःच १,२५,००० असं लिहितो, स्वल्पविरामही लाख-हजाराच्या हिशेबाने देतो. पानाची भाषाही मराठी म्हणून नोंदवा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी असतात, पण युनिकोडमध्ये दोन्हींना अक्षर एकच. ज्या फॉन्टांत मराठी वळणाची सोय केलेली असते, त्यांना ती दाखवायची की नाही हे पानाच्या भाषेवरूनच कळतं.

मुक्ता कुठे घेत नाही तेही सांगते. त्याचा स्वभाव सरळ, शहाण्या मुलासारखा. अर्ज, तक्ते, बटणं, सूचना यांना तो उत्तम, पण दुकानाला स्वतःचा चेहरा द्यायचा असेल तर तो एकटा पुरत नाही. शिवाय इतक्या मराठी साइटवर दिसतो की नुसता मुक्ता लावला तर आपली पतसंस्था आणि शेजारची पतसंस्था एकसारखीच वाटते. लहान मुलांच्या दवाखान्याला मी मथळ्यांसाठी ‘बलू’ घेतला, तोही एक टाइपचाच, गुबगुबीत आणि हसरा. वाचनालयाच्या साइटवर लांबलचक लेख होते, तिथे ‘टिरो देवनागरी मराठी’ लावला. टिरोवाल्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी कुटुंबं केली आहेत, त्यामुळे मराठी वळणासाठी कोडमध्ये वेगळी खटपट करावी लागत नाही. अक्षर पुस्तकासारखं, जाड-बारीक रेघांचं. पण वजन एकच असल्याने बटणांना आणि अर्जांना तिथेही मुक्ताच ठेवला.

व्यापारी गिऱ्हाइकांना एक जास्तीचा फायदा आहे. याच घराण्यात गुजरातीसाठी ‘मुक्ता वाणी’, गुरुमुखीसाठी ‘मुक्ता माही’ आणि तमिळसाठी ‘मुक्ता मलार’ आहेत. माल बाहेरच्या राज्यांत जातो, मग कधीतरी त्या भाषेतलं पान हवं असतं, आणि तेव्हा रचना मोडून नव्याने बांधावी लागत नाही.

नवीन काम घेणाऱ्यांसाठी शेवटची किरकोळ सूचना: कुणाची जुनी साइट दुरुस्तीला आली आणि कोडमध्ये ‘एक मुक्ता’ असं नाव दिसलं, तर तो वेगळा फॉन्ट समजून शोधत बसू नका. ते याचंच आधीचं नाव. बदलून ‘मुक्ता’ करा आणि त्यानंतर प्रत्येक बटण एकदा मोबाइलवर उघडून बघा.