‘सील घरी जाऊन तोडा’ असं सांगून मला मोडका रॉड विकला

गेल्या सप्टेंबरात एका माणसाने मला मासे पकडायचा मोडका रॉड विकला आणि मोडल्याचं खापर बसवाल्यावर फोडलं. एकूण १२,४०० रुपये गेले. गोव्यात आणि सिंधुदुर्गात गरवायला जाणारे बरेच जण हल्ली फोनवरच्या ओळखीवर जुने रॉड घेतात आणि रात्रीच्या बसने मागवतात, म्हणून घडलं ते सगळं लिहितो आहे. माझ्या बाबतीत फसवणूक पॅकिंगमध्येच लपलेली होती.

मी फोंड्याचा. सुटीच्या दिवशी बोरीच्या पुलाजवळ नाहीतर दुर्भाटला जुवारीच्या काठावर असतो. ओहोटी लागली की खाजनातलं, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातलं, पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, नदीत पडू लागतं, धारेबरोबर बारीक मासे वाहत येतात आणि चणक हा मोठा शिकारी मासा तिथेच दबा धरून असतो. माझा जुना रॉड ७ फुटांचा, फायबरग्लासचा. दणकट आहे, पण जड, आणि धारेच्या पलीकडे आमिष पोचत नाही. ९ फुटांचा कार्बनचा रॉड घ्यायचं दोन वर्षं मनात होतं. नवा १८ हजारांच्या पुढे जात होता. तेव्हा एका ओळखीच्याच्या ओळखीने पुण्याच्या एका माणसाचा नंबर मिळाला. दोन तुकड्यांचा रॉड, चारच वेळा वापरलेला, किंमत साडेनऊ हजार.

मी भाव करायच्या आधीच त्याने विचारलं, ‘‘दादा, रॉड नेणार कसा? आधी ते ठरवू, पैशांचं नंतर बघू.’’ इथेच मी त्याच्यावर भरवसा टाकला. रॉडला इतकं जपणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं मला मनापासून वाटलं.

त्याने पॅकिंगबद्दल जे सांगितलं ते जवळजवळ सगळं बरोबर होतं. कार्बनचा रॉड वाकायला तयार असतो, पण आडवा मार त्याला सोसत नाही. शिशाचं वजन एकदा जोरात आपटलं तरी आतले धागे दुखावतात. वरून बारीकसा ओरखडा दिसतो किंवा काहीच दिसत नाही, आणि महिन्याभराने मासा लागला की रॉड नेमका तिथेच तुटतो. म्हणून प्रवासात रील, म्हणजे दोर गुंडाळायची चकरी, काढून वेगळी ठेवायची. दोन तुकडे एकमेकांना उलटसुलट लावायचे, म्हणजे एकाचं नाजूक टोक दुसऱ्याच्या जाड भागाच्या आधाराला येतं. मध्ये मऊ कापड घालायचं, नाहीतर गाइडच्या, म्हणजे दोर ज्यांतून जातो त्या कड्यांच्या, धातूच्या पायांनी दुसऱ्या तुकड्यावर चरे पडतात. कड्यांच्या आतलं सिरॅमिक उडालं तर ते दोर कापतं. मग हे सगळं प्लंबरकडच्या ३ इंची पीव्हीसी पाइपमध्ये घालून दोन्ही टोकांना फोमचे जाड तुकडे बसवायचे. पाइप तुकड्यांपेक्षा पाच-सहा इंच लांब हवा आणि हलवून बघितला तर आतून आवाज येता कामा नये.

हे ऐकताना मी वहीत टिपून घेत होतो. आणि त्याच दमात त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पाइपची दोन्ही टोपणं सोल्युशन लावून कायमची चिकटवणार, वर नंबरचं सील लावणार. पॅकिंग आणि इन्शुरन्सचे मिळून १,१०० रुपये. ‘‘सील बसवाल्यासमोर तोडू नका हं, तोडलंत तर क्लेम बाद होतो. घरी जाऊन निवांत उघडा.’’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट माणूस किती नीटनेटका आहे, असंच वाटलं.

पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते त्याचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, मेहुण्याचं खातं आहे. फोटोंत खालचा तुकडा, रील बसवायची जागा, छापलेलं नाव सगळं जवळून दिसत होतं, पण दोन्ही तुकडे पूर्ण लांबीने शेजारी ठेवलेला एकही फोटो नव्हता. रॉड वाकवून दाखवल्याचा व्हिडिओ होता, त्यात रॉडवरचं नाव वाचता येत नव्हतं. आज हे सगळं लख्ख दिसतं.

पहाटे साडेपाचला पणजीला कदंब बसस्थानकाजवळ मी बसची वाट बघत उभा होतो. क्लीनर पोराने डिकीतून पाइप काढून हातात दिला. पाइपला एक पोचा नव्हता, ओरखडा नव्हता, हलवला तर आवाज नाही. पावतीवर सही करून मी स्कूटर फोंड्याकडे वळवली.

घरी हॅकसॉने टोपण कापलं. कापडाची गुंडाळी बाहेर ओढली तेव्हा हाताला ती मधेच ढिली लागली. वरचा तुकडा टोकापासून तिसऱ्या कडीखाली तुटला होता आणि कडीला गुंडाळलेल्या दोऱ्याने तेवढा लोंबत होता. बायको चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवला आणि काहीच बोलली नाही.

त्याला फोन केला तर तो माझ्यापेक्षा जास्त संतापला. ‘‘हे बसवाले असेच फेकतात सामान! दादा, तुम्ही सोडू नका त्यांना.’’ मी तसाच पणजीला परत गेलो आणि बुकिंगच्या खिडकीवरच्या पोराला नाही नाही ते बोललो. त्याने शांतपणे पावती पुढे केली. ‘पाइप, १ नग, किंमत ५०० रुपये, मालकाच्या जबाबदारीवर.’ रॉड हा शब्दच कुठे नव्हता. पाठवताना किंमत ५०० लिहून दिली असेल तर भरपाईही त्याच हिशेबाने मागता येणार. ही पावती सही करण्याआधी मी वाचलीच नव्हती.

संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला. क्लेमची फाइल उघडायला १,८०० रुपये भरावे लागतील, पैसे मंजूर झाले की तेही परत मिळतील. मी भरले. ही माझी सर्वांत मोठी चूक. गेलेले साडेनऊ हजार परत मिळवायच्या घाईत माणूस आणखी पैसे घालतो आणि समोरच्याला ते चांगलं ठाऊक असतं. पॉलिसीचा नंबर मागितला तेव्हा ‘‘सोमवारी पाठवतो’’ म्हणाला. बुधवारनंतर फोन लागला नाही.

तुटलेला रॉड निदान दुरुस्त होतो का बघायला मी मडगावला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला. त्यांनी आधी दोन्ही तुकडे टेबलावर कडेला कड लावून ठेवले आणि टेप धरली. खालचा ४ फूट ६ इंच, वरचा तुटलेले भाग जुळवूनही ४ फूट २ इंच. अशा रॉडचे दोन तुकडे लांबीला जवळजवळ सारखे असतात. या रॉडचं टोक आधीच कधीतरी तुटलं होतं, तेवढं कापून शेवटची कडी पुन्हा चिकटवली होती. मग त्यांनी तिसऱ्या कडीचा दोरा ब्लेडने हलकेच उलगडला. खाली पॉलिश पेपरचे बारीक चरे होते, पिवळा पडलेला गोंद होता, आणि पोकळीत बोटाच्या पेराएवढी कार्बनची खुंटी बसवलेली होती. म्हणजे रॉड तिथेही आधी तुटला होता, आत खुंटी घालून जोडला होता आणि सांधा कडीच्या दोऱ्याखाली झाकला होता. भिंगातून त्यांनी मला त्या जुन्या चिरेत बसलेला काळा मळ दाखवला.

‘‘पुता, हें आदींच मोडिल्लें,’’ एवढंच ते म्हणाले. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

तसाच मी पुन्हा पणजीला गेलो आणि खिडकीवरच्या त्या पोराची माफी मागितली. त्याचा काहीच दोष नव्हता. पाइप सुखरूप पोचवणं त्याच्या हातात होतं, ते त्याने चोख केलं होतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी अकराव्या दिवशी तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे तोवर काढून झाले होते. लाज वाटत होती म्हणून मी थांबलो होतो. कुणावर ही वेळ आली तर कृपा करून लाजू नका, त्याच तासाला फोन करा.

जुना रॉड मी अजूनही घेतो, पण आता सगळं आधी मागून घेतो. दोन्ही तुकडे जमिनीवर शेजारी ठेवून बाजूला टेप उघडलेली, आणि रॉडवर छापलेली लांबी वाचता येईल असा एकच फोटो. मग न थांबवता काढलेला व्हिडिओ, त्यात प्रत्येक कडीचा दोरा जवळून दिसला पाहिजे. एखाद्याच कडीचा दोरा वेगळ्या रंगाचा किंवा जास्त जाड असेल तर कारण विचारतो. पॅक करण्याचंही चित्रीकरण त्याच व्हिडिओत हवं. टोपण आट्यांचं किंवा नुसत्या चिकटपट्टीने बंद केलेलं, आणि ते मी बसवाल्यासमोरच उघडतो. पावतीवर ‘मासे पकडायचा रॉड’ आणि खरी किंमत लिहायला लावतो. इन्शुरन्स म्हटलं की पैसे द्यायच्या आधी पॉलिसी मागतो. प्रामाणिक माणसाला यातलं काहीच जड जात नाही. नंतर सावंतवाडीच्या एका गृहस्थांकडून रॉड घेतला, त्यांनी न मागता पट्टी लावून फोटो पाठवले होते.

नोव्हेंबरात म्हापशाच्या एका मुलाने मला एक फोटो पाठवला. ‘‘काका, हा रॉड साडेआठला मिळतोय, घेऊ का?’’ रॉड निळ्या काठाच्या चटईवर ठेवला होता. ती चटई मी ओळखली. फोटो तोच होता, मला आला होता तो. मी त्याला लगेच फोन केला आणि म्हटलं, विक्रेत्याकडे फक्त एक फोटो माग, दोन्ही तुकडे आणि मध्ये टेप. त्याने मागितला. तासाभराने त्या मुलाचा नंबर समोरून ब्लॉक झाला होता. त्याचे पैसे त्याच्याकडेच राहिले.