वेळासचं कासव की कासचा वायतुरा?

मुलांना एकच निसर्गसहल घडवायची आहे, कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं दाखवू की साताऱ्याजवळच्या कास पठारावर वायतुरा ही पाणवनस्पती, असं एका मैत्रिणीनं विचारलं.

आधी खात्रीचं बघू. कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात. पण नेमकी कोणत्या दिवशी, हे वाळूची उष्णता ठरवते. पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ठरवते! त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाऊनही घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली एकही पिल्लू नाही, असं होऊ शकतं. एक मुक्काम जास्तीचा धराच. वायतुरा जागचा हलत नाही. पावसाळ्यात पठारावरच्या उथळ डबक्यांतून त्याचा दोन फाट्यांचा फिकट गुलाबी तुरा वर येतो आणि पाणी आटलं की जमिनीखाली फक्त कंद उरतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, ती ओळखायला मुलांना सांगा.

खर्चात कास स्वस्त, साताऱ्याहून एका दिवसात होतं. वेळासला गावातल्या घरी राहावं लागतं, पण ते पैसे कासवं जपणाऱ्या गावालाच मिळतात. मला ते फार मोलाचं वाटतं.

लहान मुलं असतील तर वेळास. समुद्राकडे धावणारं पिल्लू त्यांना खिळवून ठेवतं. थोडी मोठी, चित्रं काढणारी, निरखत बसणारी असतील किंवा सुट्टी एकच दिवस असेल, तर वायतुरा. फक्त डबक्यात पाय घालू देऊ नका, ही वनस्पती संकटग्रस्त आहे.