साताऱ्यात छापून घेतलेली दोन फ्लेमिश चित्रे : कापड, फर आणि काच

पंधराव्या शतकातील फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या फ्लांडर्स भागातले, व्यक्तिचित्र छापताना छपाईवाल्याचा खरा कस चेहऱ्यांवर लागत नाही. तो लागतो कापडाच्या पोतावर, फरच्या केसांवर आणि पितळेच्या चकाकीवर, कारण घरची श्रीमंती आणि नवरा-बायकोचे नाते ही दोन्ही चित्रकाराने तिथेच मांडून ठेवलेली असतात. मोती चौकाच्या बाजूला असलेल्या एका छपाई आणि फ्रेमिंगच्या दुकानातून मी अलीकडे अशी दोन चित्रे करून घेतली. पहिले यान व्हान आयकचे १४३४ सालचे आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र, जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दुसरे पेट्रस क्रिस्टसचे १४४९ सालचे सोनाराच्या दुकानाचे चित्र, जे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कागदावरची छपाई उत्तम, कॅनव्हासवरची टाळावी अशी, आणि फ्रेमची काच मात्र ग्राहकाने स्वतः लक्ष घालून निवडावी अशी, असा माझा एकंदर अनुभव आहे.

दुकानदाराचा ओढा कॅनव्हासकडे होता. जुने तैलचित्र म्हटले की कॅनव्हास, असा सर्वसाधारण समज आहे आणि औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला तो पटतोही. परंतु व्हान आयकने हे चित्र ओक लाकडाच्या फळीवर रंगवले आहे. तेलात मिसळलेल्या पारदर्शक रंगांचे पातळ थर एकावर एक चढवून त्याने पृष्ठभाग इतका गुळगुळीत केला आहे की कुंचल्याचा फटकारा शोधूनही सापडू नये. कॅनव्हासवर काढलेल्या नमुन्यात कापडाची वीण या सगळ्यावर स्वार झाली होती आणि भिंतीवरच्या आरशाचा पार चुराडा झाला होता. जाड, सुती, मॅट कागदावर तोच आरसा एकदम उघडला. त्यात पाठमोरे जोडपे, दारातून आत येणाऱ्या दोन व्यक्ती आणि चौकटीवर नखाएवढ्या दहा चकत्यांत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग, हे सारे भिंगाशिवाय ओळखता येते.

मूळ चित्र ८२.२ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. ते मूळ मापातच छापावे, असा माझा आग्रह होता आणि तो कोणीही धरावा. दुकानात फ्रेमच्या तयार पट्ट्यांची जी मापे असतात त्यांत बसवण्यासाठी कडा थोड्या कापू का, असे विचारले जाते आणि निसर्गचित्राच्या बाबतीत त्याने फारसे बिघडतही नाही. या चित्रात मात्र डाव्या कडेलाच खिडकी आहे, तिच्या चौकटीवर एक संत्रे आहे, खालच्या पेटीवर आणखी संत्री आहेत आणि खाली कोपऱ्यात चिखल लागलेल्या लाकडी खडावा आहेत. फ्लांडर्समधल्या ब्रूजसारख्या उत्तरेकडच्या शहरात संत्री दक्षिणेतून जहाजाने येत आणि महाग पडत. ती अशी सहज पडलेली दाखवणे हा श्रीमंती सांगण्याचा फार शहाणा मार्ग होता. कडा कापल्या असत्या तर नेमकी तीच गेली असती.

दुकानाविषयीची माझी एकमेव गंभीर तक्रार रंगांची आहे. पहिल्या नमुन्यात न विचारता चित्र उजळ करण्यात आले होते. त्यामुळे बाईचा गडद हिरवा झगा पोपटी झाला, पुरुषाचा जांभळट मखमली अंगरखा सपाट तपकिरी दिसू लागला आणि त्याच्या कडेची गडद फर नाहीशी झाली. हे केवळ रंगाचे नुकसान नव्हते. या जोडप्याच्या अंगावर दागिने जेमतेम आहेत: तिच्या गळ्यात साधी सोन्याची सर आणि बोटांत अंगठ्या, बस्स. जरीच्या कापडाचा तर पत्ताच नाही. तो मान सरदार-दरकदारांचा होता आणि आर्नोल्फिनी हे इटलीतल्या लुक्काहून ब्रूजला येऊन स्थिरावलेले, रेशमी कापडाचा व्यापार करणारे कुटुंब. तेव्हा या घराची ऐपत कापडाचा दर्जा, त्याचा प्रचंड घेर आणि आतले अस्तर यांतूनच वाचायची असते. बाईच्या झग्याला पांढऱ्या फरचे अस्तर आहे. अशी फर खारींच्या पोटाकडच्या कातड्यांची करीत आणि एका झग्याला किती खारी लागत असतील याचा अंदाज त्या घेरावरून बांधता येतो. खिडकीबाहेरच्या चेरीच्या झाडाला फळे लागलेली आहेत, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे आहेत, आणि तरीही दोघे फरच्या अस्तरात गुरफटून उभे आहेत. थंडीशी त्या फरचा संबंध नाही, हे उघड आहे.

दुरुस्त करून दिलेल्या दुसऱ्या प्रतीत हा सगळा तपशील परत आला आणि त्याचे श्रेय दुकानाला द्यायलाच हवे. संगणकावर बसलेल्या तरुणाने काळ्या भागातला फरक टिकवण्यासाठी चिकाटीने काम केले. आता पुरुषाची डोक्यावरची मोठी काळी टोपी नीट पाहिली तर ती विणलेल्या गवताची आहे, हे कळते. आधी तिथे नुसता काळा गोळा होता.

हे चित्र पाहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न बाई गरोदर आहे का, असा विचारतो. ती तशी नसावी. जमिनीवर लोळणारा झगा पोटाशी धरून उचलण्याची ती त्या काळची पद्धत होती आणि त्याच शैलीत कुमारिका संतांचीही चित्रे रंगवलेली आढळतात. दुसरा प्रश्न लग्नाचा असतो आणि तो अधिक अवघड आहे. एर्विन पानोफ्स्की या कलाइतिहासकाराने १९३४ साली असे मांडले की हे चित्र म्हणजे खाजगीत लागलेल्या विवाहाचा जणू दस्तऐवजच आहे: दिवसाढवळ्या झुंबरात जळणारी एकच मेणबत्ती ही ईश्वराची साक्ष, कुत्रा ही निष्ठा, उतरवून ठेवलेल्या खडावा हे पवित्र जागेचे चिन्ह, आणि आरशाच्या वरची ‘योहानेस द आयक इथे होता, १४३४’ ही लॅटिन ओळ साक्षीदाराची सही.

हे स्पष्टीकरण इतके नीटनेटके आहे की ते चटकन मान्य करण्याचा मोह होतो, पण छापील प्रतीसमोर उभे राहिल्यावर ते मला पटेनासे होते. पुरुषाने बाईचा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला आहे, तर विवाहविधीत उजव्या हातात उजवा हात दिला जाई. तिच्या डोक्यावर चुण्यांची पांढरी झालर असलेले वस्त्र आहे, जे विवाहित स्त्री वापरत असे. मागचा लाल पलंग पाहून आपल्याला शयनगृह आठवते, परंतु त्या काळच्या श्रीमंत घरांत पाहुण्यांच्या दालनातही भारी पलंग मांडलेला असे. शिवाय अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत कुत्रा आणि झुंबर यांचे रंगाखालचे कच्चे रेखाटन आढळलेले नाही. म्हणजे ती चित्र रंगत आल्यावर घातली गेली. ज्याला विवाहाचा पुरावाच रंगवायचा होता, त्याने साक्षीच्या गोष्टी अशा मागाहून घातल्या असत्या का? पूर्वी ज्या जोडप्याचे म्हणून हे चित्र ओळखले जाई, त्यांचा विवाह १४४७ साली, म्हणजे चित्रानंतर १३ वर्षांनी झाल्याचेही कागदपत्रांतून पुढे आले आहे. आधीच विवाहित असलेल्या, सुखवस्तू जोडप्याचे हे चित्र आहे, हे साधे मत मला अधिक सयुक्तिक वाटते. बाई तेव्हा हयात नव्हती आणि हे तिच्या स्मरणार्थ काढलेले आहे, असेही एक मत २००३ साली मांडले गेले. त्याच्या बाजूचा एक मुद्दा प्रतीत शोधून पाहण्यासारखा आहे: आरशाच्या चौकटीवर पुरुषाच्या बाजूला ख्रिस्ताच्या हयातीतले प्रसंग आहेत आणि बाईच्या बाजूला मृत्यूनंतरचे.

लग्नाचा उघड व्यवहार पाहायचा असेल तर तो दुसऱ्या चित्रात आहे. पेट्रस क्रिस्टसच्या सोनाराच्या हातात तराजू आहे, तो अंगठी तोलतो आहे, शेजारी जरीच्या उंची वस्त्रातली तरुणी आणि तिच्या खांद्याभोवती हात टाकलेला तिचा वर उभा आहे. फळीवर वधूचा लाल कमरपट्टा सैल पसरलेला आहे आणि पुढे सोन्याची नाणी मांडली आहेत. सराफीत आयुष्य घालवलेल्या आमच्या एका आप्तांनी मांडीवर चित्र घेऊन सर्वांत आधी वजनांचा डबा न्याहाळला आणि मग मागच्या फळीवरची पोवळ्याची फांदी, स्फटिक, नारळाच्या करवंटीचा पेला असा सगळा माल बोटाने मोजत गेले. तिथेच टांगलेले शार्कचे दात विषाची परीक्षा करायला वापरत, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. सोनाराच्या डोक्यामागे पूर्वी तेजोवलय होते आणि त्यामुळे तो सोनारांचा आश्रयदाता संत एलिजियस मानला जाई. ते वलय नंतर कोणीतरी घातलेले आहे, हे लक्षात आल्यावर संग्रहालयाने ते काढून टाकले. मेट्रोपॉलिटनने या चित्राची मोठी प्रतिमा संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहे, त्यामुळे छपाईही सरस आली. दुकानातल्या गोल आरशात रस्त्यावरचे दोघे जण आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातावरचा बहिरी ससाणा स्वच्छ दिसतो. जागेअभावी हे चित्र मी मूळ मापापेक्षा लहान करून घेतले आणि तरीही तपशील टिकला.

फ्रेमसाठी काळी, अरुंद, नक्षी नसलेली लाकडी पट्टी घेतली. दुकानात सोनेरी नक्षीच्या पट्ट्या पुष्कळ आहेत आणि त्या आग्रहाने दाखवल्या जातात, पण त्यांच्या शेजारी पितळी झुंबर फिके पडते. साध्या काचेत चित्राच्या गडद भागात समोरची खिडकीच दिसू लागली, म्हणून चकाकी नसलेली काच बसवून घ्यावी लागली. तिने दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणाचा विचार करून मागचा पुठ्ठा कडांना टेपने पूर्ण बंद करून घेतला आणि कागद काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, ठेवला, हे दुकानदाराने स्वतःहून सुचवले होते. मोठ्या चित्राचे छपाई, माउंट आणि फ्रेम मिळून साडेचार हजारांच्या आसपास झाले. चकाकी नसलेल्या काचेचे पैसे त्यात धरलेले नसतात, तेव्हा दर ठरवतानाच ते विचारून घ्यावेत, आणि छोटा नमुना दिवसाच्या उजेडात दुकानाबाहेर नेऊन पाहिल्याशिवाय पूर्ण छपाईला होकार देऊ नये.