गिट बायसेक्ट: उशिरा हाती लागलेलं हत्यार
कालच्या नोंदीत एकच ओळ आहे: ‘बायसेक्ट आधी का नाही वापरलं?’ गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि बायसेक्ट ही बिघाड नेमका कोणत्या बदलाने आला ते शोधणारी त्याची कमांड. रिपोर्टमधला तारखेचा फिल्टर एक दिवस मागे सरकत होता. तीन आठवड्यांपूर्वी सगळं नीट होतं, मध्ये ४५० कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले बदल. नेहमीप्रमाणे डोळे फोडत डिफ (आधीच्या-नंतरच्या कोडमधले फरक) चाळत बसलो, दुपार गेली. मग चालू कमिटला ‘बॅड’ आणि नीट चालणाऱ्या जुन्या टॅगला (नाव देऊन ठेवलेल्या कमिटला) ‘गुड’ म्हटलं. उरलेल्यातला मधला कमिट गिट स्वतःच काढून देतं, आपण फक्त चांगला की वाईट ते सांगायचं. नवव्या फेरीला चोर सापडला. टाइमझोनची एक ओळ, तीही माझीच!

‘बायसेक्ट रन’ला टेस्टची स्क्रिप्ट दिली तर तेवढंही सांगावं लागत नाही. एखादा कमिट बिल्डच होत नसेल, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅमच बनत नसेल, तर स्क्रिप्टने १२५ हा एक्झिट कोड (संपताना परत करायचा आकडा) द्यायचा, तो कमिट वगळला जातो.

मात्र एकाच कमिटमध्ये चाळीस फायली कोंबायची सवय असेल, तर दोषी कमिट मिळूनही पुढचं खोदकाम आपल्याच नशिबी. आणि काम झाल्यावर ‘बायसेक्ट रीसेट’ करून मूळ जागी परत याच. मी विसरलो आणि तासभर जुन्याच कोडवर नवं फीचर लिहीत बसलो.