ह्युमन मॉर्टॅलिटी डेटाबेस : रशियातल्या पुरुषांचा तक्ता एकदा उघडून बघाच

मी कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवतो. लाइफ टेबल, म्हणजे कुठल्या वयाला किती जण जिवंत उरतात याचा तक्ता, दरवर्षी शिकवावं लागतं, पण फळ्यावरच्या आकड्यांमागे माणसं आहेत हे मुलांपर्यंत पोचतच नाही, म्हणून यंदा ह्युमन मॉर्टॅलिटी डेटाबेस ही देशोदेशीच्या मृत्युदरांची वेबसाइट वर्गातच उघडली. बर्कली युनिव्हर्सिटी आणि जर्मनीतल्या रोस्टॉकची माक्स प्लांक इन्स्टिट्यूट यांनी २००२ साली सुरू केलेली, पूर्ण फ्री, रजिस्टर केलं की फाइल डाउनलोड. स्वीडनचा डेटा तर १७५१ पासूनचा, कारण तिथले पाद्री जन्ममृत्यू नीट लिहून ठेवायचे.

आम्ही रशिया घेतला, १९५९ पासून आहे. सगळे सरासरी आयुर्मानाचा कॉलम बघतात, मी म्हणेन एलएक्सचा बघा. म्हणजे १ लाख मुलगे जन्मले असं धरायचं आणि त्या वर्षीचे मृत्युदर जन्मभर लागू राहिले तर कुठल्या वयाला किती उरतात ते. १९९४ मध्ये ६५ च्या ओळीला निम्मेही उरत नाहीत! एका मुलीने विचारलं, सर, लहान मुलं जास्त जात असतील का. तर विसाव्या वर्षाची ओळ बघितली, तिथे जवळजवळ सगळे आहेत. गळती पुढे आहे, तिशी ते साठीत, कामाच्या वयात, घर चालवायच्या वयात. दारू, हार्ट, अपघात. मे १९८५ मध्ये तेव्हाचा सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हने दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा पुरुषांचं आयुर्मान १९८७ पर्यंत ६५ च्या आसपास गेलं होतं, मग मोहीम ढिली पडली, देश फुटला, नोकऱ्या गेल्या आणि १९९४ ला ते साडेसत्तावन्नवर आलं, बायकांचं त्याच वर्षी ७१. नंतर दारूविक्रीवर निर्बंध आले, उपचार सुधारले, २०१९ ला पुरुष ६८ पर्यंत पोचले. इतकी मोठी चढउतार कुठल्या वयात झाली हे फक्त सरासरी वाचून कळत नाही, ओळी एकेक करून बघाव्या लागतात.

भारत यात नाही. इथे जवळपास पूर्ण मृत्यूनोंदणी असलेलेच देश घेतात आणि ते मला पटतं. भारतासाठी वर्ल्ड बँकेच्या साइटवर पासष्टीपर्यंत जगणाऱ्या पुरुषांची टक्केवारी १९६० पासून मिळते, पण ते संयुक्त राष्ट्रांचे अंदाज आहेत, मोजलेले मृत्यू नाहीत, हे मुलांना आधीच सांगा.

२०१८ ला रशियात पुरुषांचं पेन्शनचं वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायचा कायदा झाला आणि लोक रस्त्यावर उतरले, ती बातमी मी तेव्हा नुसती वाचून सोडली होती. आता वर्गात त्याच ६५ च्या ओळीवर बोट ठेवून परत सांगितली.

माझ्याकडून पाचपैकी पाच. पुढच्या तासाला जपान घेणारे.